माया दिनगणनेतून स्वतःकडे बघताना: आधी दिवस, मग अंक, शेवटी प्राणी

माया पंचांगातून 'आपला प्राणी' शोधायला निघालेल्यांची चूक बहुतेक वेळा पहिल्याच पावलाला होते. जग्वारचं चित्र आवडतं, स्वभावही थोडा तसाच वाटतो. मग कुठलं तरी ॲप उघडून जन्मतारीख टाकायची, जग्वार आला नाही तर दुसरं ॲप बघायचं. शेवटी हवा तो प्राणी मिळतो, पण तो आधीच ठरलेला होता. स्वतःबद्दल नवं काही कळलेलं नसतं.

खाली दिलेला क्रम हा या चुकीवरचा उपाय आहे. एकही पायरी ओलांडू नका. विशेषतः पहिल्या तीन पायऱ्या कंटाळवाण्या आहेत म्हणून लोक त्या टाळतात आणि पुढचं सगळं वाचन चुकीच्या दिवसावर करत बसतात.

एवढं आधी माहीत असू द्या. ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात कीचे माया लोक २६० दिवसांची 'चोल्कीह' ही गणना आजही चालवतात. मोमोस्तेनांगो हे गाव त्यासाठी खास ओळखलं जातं. गणना राखणाऱ्या आणि दिवसाचा अर्थ सांगणाऱ्या जाणकाराला, मग तो पुरुष असो वा बाई, 'अहकीह' म्हणतात. दिवसांची नावं २० आणि अंक १ ते १३. वार आणि तारीख जशी आपापल्या फेऱ्यात एकाच वेळी पुढे सरकतात, तसे इथे नाव आणि अंक दोन्ही रोज एकेक घर पुढे जातात. तीच जोडी पुन्हा यायला २६० दिवस लागतात. दिवसाच्या ठायी जी शक्ती मानली जाते तिला 'नावाल' म्हणतात. प्राणी हा तिचा एक चेहरा आहे, एकमेव नव्हे.

तयारी

एक जाड वही, कारण शेवटची पायरी २६० दिवसांची आहे. जन्माचा पुरावा. बेरीज-वजाबाकीपुरता मोबाइल. आणि मनाची एक तयारी: दिवस निघेपर्यंत कुठल्याही प्राण्याबद्दल काही वाचायचं नाही. ही अट लोकांना सगळ्यात जड जाते.

पायरी १: जन्मतारीख पक्की करा

महाराष्ट्रात साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी लोकांची दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकलेली असते. ती घेऊन गणित केलंत तर उत्तर शाळेच्या दाखल्याचं येईल, तुमचं नव्हे. म्हणून आधी जन्मपत्रिका शोधा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला काढा, घरातल्या जुन्या माणसांना विचारा.

तारीख नाही पण तिथी आठवते, असंही होतं. 'शके १८८९, श्रावण शुद्ध पंचमी' एवढं माहीत असेल तर शकात ७८ मिळवा, म्हणजे १९६७ साल मिळेल. शकवर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पौष-माघातल्या जन्माला हीच गफलत होते. साल मिळालं की त्या वर्षाचं पंचांग बघून तारीख काढा. अधिक महिना होता का तेही बघा, नाहीतर उत्तर महिनाभराने चुकेल.

मध्यरात्रीनंतर आणि सूर्योदयाआधी जन्मलेल्यांनी जरा थांबावं. पत्रिकेत वार सूर्योदयापासून धरतात, रुग्णालय तारीख मध्यरात्रीपासून बदलतं. त्यामुळे दोन कागदांवर दोन वेगळे दिवस दिसू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. अशा वेळी मुख्य म्हणून दाखल्याची तारीख घ्या आणि आदला दिवस 'शेजारचा दिवस' म्हणून वहीत नोंदवून ठेवा. दोन्ही वाचायचे, पण गणित एकावरच करायचं.

सावध: भारताची वेळ ग्वाटेमालाच्या साडेअकरा तास पुढे आहे, म्हणून काही जण जन्मवेळ त्यांच्या घड्याळात बदलून घेतात. माझ्या मते हे नको. जिथे जन्म झाला तिथली तारीख धरावी. अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडाची तारीख तिथलीच घ्यावी, फोन आला तेव्हा इथे कुठली तारीख होती ती नको.

पायरी २: कुठली गणना ते ठरवा

'माया राशी' म्हणून जे काही समोर येतं त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, कीचे लोकांची चालू असलेली गणना. आपल्याला हीच हवी. संगणकावरच्या गणकयंत्रात निवड विचारली तर ५८४२८३ हा आकडा निवडा. माया दीर्घगणनेचा, म्हणजे दिवस सलग मोजत जाणाऱ्या त्यांच्या जुन्या कालगणनेचा, आरंभ ज्या सलग दिवसक्रमांकावर धरतात तो हा आकडा आहे, आणि डोंगरातली आजची गणना त्याच्याशीच जुळते. काही ठिकाणी ५८४२८५ असा पर्याय असतो. त्याने उत्तर दोन दिवसांनी सरकतं, म्हणजे नावही बदलतं आणि अंकही.

दुसरी, 'ड्रीमस्पेल'. ही होसे आर्ग्वेयेस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेली नवी पद्धत आहे. तेरा चंद्र, रंग, 'गॅलेक्टिक' नावं दिसली की समजा हीच. ती २९ फेब्रुवारी मोजत नाही. कीचे गणना एकही दिवस सोडत नाही, त्यामुळे दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत. ड्रीमस्पेल वापरायची असेल तर खुशाल वापरा, पण तिला माया परंपरेची गणना म्हणू नका आणि तिचं उत्तर घेऊन कीचे अर्थ वाचू नका.

तिसरी, मध्य मेक्सिकोतली अॅझ्टेक दिननावं. चौकट तीच, २० नावं आणि १३ अंक. तिथे मगर, सरडा, साप, हरीण, ससा, कुत्रा, माकड, जग्वार, गरुड, गिधाड अशी थेट प्राण्यांची नावं बरीच आहेत. त्यामुळे प्राणी शोधणाऱ्यांना ती सोयीची वाटतात आणि नकळत माया यादीत येऊन बसतात.

सावध: मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या माया भाषेतली (युकातेक) आणि कीचेमधली नावंही एकसारखी नाहीत. सगळ्यात घातक जोडी 'कान'ची. कीचे यादीत कान म्हणजे साप, पाचवा दिवस. युकातेक यादीत जवळजवळ तसाच उच्चार असलेलं नाव चौथ्या दिवसाचं आहे, आणि सापाच्या दिवसाला तिथे 'चिक्चान' म्हणतात. एका यादीतून नाव आणि दुसरीतून अर्थ घेतलात की मका किंवा जाळं वाचण्याऐवजी साप वाचाल.

तपासणी: कुठलंही ॲप वापरण्याआधी त्यात या तारखा टाकून बघा. २१ डिसेंबर २०१२ ला ४ अहपू यायला हवा (युकातेक नाव दिलं असेल तर ४ अहाव). २८ फेब्रुवारी २०२४ ला ८ कामे, २९ फेब्रुवारीला ९ केह, १ मार्चला १० कानिल. फेब्रुवारीतले दोन दिवस एकच उत्तर देत असतील, किंवा २९ तारीख घेतलीच जात नसेल, तर ॲप काढून टाका.

पायरी ३: दिवस स्वतः मोजा

ॲप बरोबर असलं तरी एकदा हाताने मोजा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि पुढे वहीत दिवस भरताना हेच गणित लागतं.

आधार म्हणून १८ डिसेंबर १९२९ घ्या. त्या दिवशी १ इमोश होता, म्हणजे अंकांचीही सुरुवात आणि खालच्या यादीचीही.

(क) १८ डिसेंबर १९२९ पासून तुमच्या जन्मतारखेपर्यंत किती दिवस गेले ते काढा. आधारदिवस शून्य धरा.
(ख) त्या संख्येला १३ ने भागा. बाकी अधिक १ हा तुमचा अंक.
(ग) त्याच संख्येला २० ने भागा. बाकी अधिक १ हा यादीतला क्रमांक.

उदाहरण म्हणून महाराष्ट्र राज्याचीच जन्मतारीख घेऊ, १ मे १९६०. १८ डिसेंबर १९२९ ते १८ डिसेंबर १९५९ ही ३० वर्षं. ३० गुणिले ३६५ म्हणजे १०,९५०. मधली लीप वर्षं १९३२, ३६, ४०, ४४, ४८, ५२, ५६ अशी सात, म्हणून १०,९५७. पुढे डिसेंबरचे उरलेले १३, जानेवारी ३१, फेब्रुवारी २९ (१९६० लीप वर्ष), मार्च ३१, एप्रिल ३०, मेचा १, मिळून १३५. एकूण ११,०९२. त्याला १३ ने भागलं की बाकी ३, म्हणून अंक ४. २० ने भागलं की बाकी १२, म्हणून तेरावं नाव, आह. उत्तर: ४ आह.

आह म्हणजे बोरू, वेत, मक्याचं ताट, आणि त्यावरून घर, अंगण, मुलंबाळं. हे वाचल्यावर कुणीतरी म्हणणारच, "ऊस! महाराष्ट्राला शोभतं!" असं झटकन जुळणं किती सोपं आहे ते इथेच बघून ठेवा. सातव्या पायरीत त्याचा बंदोबस्त करायचा आहे.

मोबाइलमधल्या तक्त्याच्या ॲपमध्ये एका घरात जन्मतारीख आणि दुसऱ्यात आधारतारीख टाकून वजाबाकी केली की दिवस थेट मिळतात. भागाकारात मात्र दशांशातलं उत्तर घेऊ नका, पूर्ण भागाकारानंतर उरलेली बाकी घ्या. बाकी शून्य आली तर अंक १ आणि नाव इमोश, हेही लोक विसरतात.

तपासणी: तुमचा आकडा ॲपशी एका दिवसाने जुळत नसेल तर जवळजवळ नेहमीच कारण दोनपैकी एक असतं. आधारदिवस तुम्ही १ मोजलात, किंवा एखादं लीप वर्ष सुटलं.

पायरी ४: नाव वाचा, प्राण्याकडे अजून बघू नका

यादी इमोशपासून दिली आहे कारण गणिताला सोपी पडते. उच्चार जवळपासचे आहेत, कीचेमधले घशातले झटके देवनागरीत उतरत नाहीत. एकाच दिवसाचा अर्थ गावोगावी आणि जाणकारागणिक थोडा बदलतो, तेव्हा याला अंतिम समजू नका.

१. इमोश: पाणी, खोल मन, चक्रावलेपण आणि त्यातूनच येणारी कल्पकता.
२. इक: वारा, श्वास, राग.
३. अकबाल: रात्र आणि पहाट यांची सीमा, अजून उजेडात न आलेलं.
४. कात: जाळं. गोळा करणं, आणि गुंतून पडणं.
५. कान: साप. अंगातली ताकद, तिचा विखारही.
६. कामे: मृत्यू, पूर्वज, शेवट शांतपणे स्वीकारणं.
७. केह: हरीण. चार पाय, चार दिशा, पुढारपणाचं ओझं.
८. कानिल: बी, पिकणं, योग्य वेळ.
९. तोह: देणं फेडणं, नैवेद्य, अग्नी.
१०. त्सी: कुत्रा. इमान आणि न्याय. काही ठिकाणी वासना, मत्सर आणि धरसोडही.
११. बात्स: माकड, तसाच सूतही. विणकाम, कला, काळाचा धागा.
१२. ए: वाट, प्रवास.
१३. आह: बोरू, घर, कुटुंब.
१४. इश: जग्वार, डोंगर, धरणीची पूजास्थानं.
१५. त्सिकिन: पक्षी. पैसा, नशीब, मागणं मागणं.
१६. अहमाक: चूक, क्षमा, पूर्वजांचा वारसा.
१७. नोह: विचार, बुद्धी, सल्ला.
१८. तिहाश: गारगोटीचं पातं. कापणं, भांडण, शस्त्रक्रियेसारखी सुटका.
१९. कावोक: वादळ, पाऊस, बायकांचं आणि सुईणीचं क्षेत्र, घरातली खळबळ.
२०. अहपू: शिकारी, सूर्य, पूर्वजांची सत्ता.

आता हे शब्द स्वभाववर्णन म्हणून वाचू नका. 'मी तोह आहे, म्हणून मी उदार' हे वाक्य कुठेच नेत नाही. प्रत्येक नावाचा प्रश्न करा. तोहच्या माणसानं विचारावं: कुणाचं देणं माझ्याकडे राहिलंय, पैशाचं किंवा शब्दाचं? कातवाल्यानं: मी काय गोळा करतोय आणि कशात अडकलोय? त्सी असेल तर: कुणाला दिलेला शब्द मी सोयीनं विसरतोय? अहमाक: कुठल्या चुकीबद्दल मी अजून स्वतःला किंवा दुसऱ्याला सोडलेलं नाही? तिहाश: काय कापून वेगळं करायला हवं, आणि मी विनाकारण काय कापतोय?

स्वतःच्या दिवसाचे असे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्यातला एक तरी नकोसा वाटायला हवा. तिन्ही प्रश्न सुखाचे असतील तर ते पुन्हा लिहा.

पायरी ५: अंक जोडा

अंक विसरणं ही फार मोठी वगळ आहे, कारण अंकाशिवाय दिवस अर्धाच राहतो. मोमोस्तेनांगोच्या पद्धतीत सर्वसाधारणपणे लहान अंक सौम्य, ७-८-९ मधले समतोल आणि मोठे अंक तीव्र मानतात. २ तिहाश आणि १३ तिहाश म्हणून एकच पातं पण वेगळी धार. अंकावरून तुमच्या प्रश्नांचा जोर ठरवा. लहान अंक असेल तर हा गुण माझ्यात आहे पण दबलेला आहे का, मोठा असेल तर तो इतरांना टोचतो का, असं विचारा. प्रत्येक अंकाला वेगळं 'गुप्त' नाव देणाऱ्या याद्या बहुतेक ड्रीमस्पेलमधून आलेल्या असतात, त्या बाजूला ठेवा.

पायरी ६: आता प्राणी

वीसपैकी मोजक्याच नावांमध्ये प्राणी उघड आहे: कान साप, केह हरीण, त्सी कुत्रा, बात्स माकड, त्सिकिन पक्षी आणि इशचा जग्वार. आजच्या ग्वाटेमालातल्या याद्या बाकीच्यांनाही प्राणी देतात. इमोशला मगर, कामेला घुबड, कानिलला ससा, अहमाकला मधमाशी, कावोकला कासव, आहला आर्मडिलो (अंगावर कवच असलेला प्राणी), एला रानमांजर असं सर्रास दिसतं. नोह, तोह, तिहाश यांच्या बाबतीत याद्या एकमेकींशी भांडतात. तुमचं नाव त्यात असेल तर एक प्राणी निवडण्याची सक्ती नाही. गारगोटी, विचार किंवा अग्नी यावर मन एकाग्र करता येतंच.

प्राणी मिळाला की तीन थरांत काम करा आणि थर मिसळू देऊ नका.

पहिला थर, खरा प्राणी. तो काय खातो, एकटा राहतो की कळपात, कधी जागा असतो, घाबरला की काय करतो. जग्वार माणसापासून दूर राहतो आणि पाण्यात सहज पोहतो. 'जग्वार म्हणजे सत्ता' एवढ्यावर थांबणाऱ्याला हे दिसतच नाही. हरणाचं तर सगळं शरीरच सावधपणाचं आहे, आणि केह हा पुढाऱ्याचा दिवस मानला जातो. सावध प्राणी आणि ओझं वाहणारा पुढारी एकाच माणसात कसे राहतात, यावर केहवाल्यांनी वहीत पानभर तरी लिहावं.

दुसरा थर, त्यांच्या कथेतला प्राणी. यासाठी कीचे लोकांचा पुराणकथांचा ग्रंथ 'पोपोल वुह' वाचा, निदान जुळ्या वीरांचा भाग. तिथले प्राणी गोड नाहीत. जुळ्यांचे सावत्र भाऊ, 'हुन बात्स' आणि 'हुन चोवेन' (हुन म्हणजे एक), उत्तम कलावंत असतात, पण धाकट्यांचा मत्सर करतात. त्यांना झाडावर चढवलं जातं, ते माकड होतात आणि आजी त्यांना बघून हसू आवरू शकत नाही. बात्सच्या वाट्याला कला आहे आणि तिच्यासोबत हा मत्सर आणि हे हसंही आहे. साफ केलेलं शेत रात्री पुन्हा रान करून टाकणाऱ्या प्राण्यांना जुळे पकडायला जातात, तेव्हा हरणाची आणि सशाची शेपटी तुटून हातात राहते. तोच ससा पुढे शिबाल्बाच्या, म्हणजे पाताळाच्या, चेंडूच्या मैदानात स्वतः चेंडू असल्यासारखा उड्या मारत पळतो आणि पाताळाच्या सरदारांना चकवतो. कानिलवाल्यांनी हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवावेत. घुबडं तिथे पाताळाची निरोपी आहेत. वटवाघूळ जुळ्यांपैकी एकाचं, हुनअहपूचं, डोकं कापतं. आणि यादीत जागा नसलेला डास सरदारांना चावून त्यांची नावं उघडी पाडतो.

तिसरा थर, तुमचा प्राणी. तुमच्या आठवणीतला, भीतीतला, स्वप्नातला. सापाच्या दिवशी जन्मलेल्या मराठी माणसाच्या मनात नागपंचमी येणार, शेतातली साप मारल्याची घटनाही येणार. येऊ द्या, पण तिसऱ्या थरातच लिहा. नागपंचमीचा अर्थ कानवर लादला की दोन्हींचं नुकसान होतं.

तिन्ही थर लिहून झाले की प्रत्येकाला दोन ओळी करा: या प्राण्याची कुठली गोष्ट मी आनंदानं मिरवतो, आणि कुठली लपवतो. मानसशास्त्रात ज्याला आदिरूप म्हणतात, म्हणजे सगळ्यांच्या मनात खोल असलेली मूळ प्रतिमा, त्याचा उपयोग या दुसऱ्या ओळीत आहे. लोक पहिली ओळ पानभर लिहितात आणि दुसरी रिकामी सोडतात.

तपासणी: लिहिलेलं घरातल्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला वाचायला द्या. दिवसाचं नाव सांगू नका. 'लपवतो'ची ओळ वाचून ते हसले, तर बरोबर चाललंय.

पायरी ७: २६० दिवसांची आंधळी नोंद

इथे खरं काम आहे आणि इथेच सगळे पोचत नाहीत. रोज सकाळी आजचा दिवस बघायचा, त्याचा अर्थ वाचायचा आणि दिवसभर तो शोधत फिरायचं, ही प्रचलित पद्धत मला निरुपयोगी वाटते. सकाळी 'आज तिहाश, भांडण होईल' वाचलं की दुपारपर्यंत भांडण होतंच.

उलट करा. रात्री फक्त तारीख घालून चार-पाच ओळी लिहा: आज कशानं मन हललं, कुणाशी बिनसलं, काय पूर्ण झालं, झोपेत काय दिसलं. समासात जागा मोकळी सोडा. दिवसाचं नाव बघायचं नाही. वीस दिवस झाले की एका बैठकीत समासात अंक आणि नावं भरा.

तुमचं नाव दर वीस दिवसांनी येतं, २६० दिवसांत १३ वेळा, दर वेळी वेगळ्या अंकासोबत. अंक दर खेपेला ७ ने पुढे जातो आणि १३ ओलांडला की १३ वजा होतात. ४ आहचा क्रम ४, ११, ५, १२, ६, १३, ७, १, ८, २, ९, ३, १० असा होऊन पुन्हा ४ वर येतो. भरताना हा क्रम मोडला तर कुठेतरी दिवस चुकला आहे, मागे जाऊन दुरुस्त करा.

चक्र संपल्यावर आपल्या नावाचे १३ दिवस एका बाजूला उतरवा. दुसऱ्या बाजूला यादीत दहा घरं पुढच्या नावाचे १३ दिवस घ्या. आहपासून दहा घरं पुढे अकबाल येतो. मग दोन्ही गठ्ठे आपल्या पहिल्या पानावरच्या तीन प्रश्नांसमोर ठेवून वाचा. दोन्ही सारखेच जुळत असतील, तर तुम्ही कुठल्याही दिवसात स्वतःला वाचू शकता, एवढं कळलं. जन्मदिवसावरून स्वभाव ठरतो याला वैज्ञानिक आधार नाही, त्यामुळे असं झालं तर नवल वाटून घेऊ नका. तरीही २६० दिवस स्वतःकडे बघितलेली वही हातात आहे आणि तिच्यात वारंवार आलेली माणसं, भांडणं, भीती खरी आहेत. मला स्वतःला या वहीचं मोल प्राण्यापेक्षा जास्त वाटतं.

सावध: लग्न, औषधोपचार, नोकरी सोडणं, पैसे गुंतवणं यातलं काहीही या नोंदींवरून ठरवू नका. मन फार खचलेलं असेल तर कामे किंवा इमोशचे प्रश्न घेऊन एकट्यानं बसू नका. ओळखीच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला.

पायरी ८: स्वतः करायचं नाही ते

अहकीह होण्यासाठी गुरूच्या हाताखाली शिकावं लागतं, आणि दीक्षेसाठी ८ बात्स हा दिवस प्रसिद्ध आहे. तो २२ जून २०२६ ला येतो आणि मग दर २६० दिवसांनी. त्या दिवशी घरात धूप लावून 'माया अग्निविधी' करायचा मोह टाळा. वही सुरू करायला तो दिवस निवडला तर कुणाचीच हरकत नसावी.

अहकीह कौल बघताना त्सिते झाडाच्या लाल बिया वापरतात. आपल्या पांगाऱ्याच्या अगदी जवळच्या नात्यातलं ते झाड आहे. म्हणून काही उत्साही लोक पांगाऱ्याच्या बिया गोळा करून कौल मांडतात. नको. बियांचे गठ्ठे करून त्यावर दिवस मोजत जाणं ही शिकून घ्यायची विद्या आहे, शिवाय या कुळातल्या बिया विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर मुळीच ठेवू नका.

'तुमचा नावाल जागृत करून देतो' म्हणून ऑनलाइन पैसे मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: २९ फेब्रुवारी २०२४ ला कुठला दिवस होता? उत्तर ९ केह नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. उत्तर बरोबर असेल तर तो कुठल्या गावात, कुणाकडे शिकला ते विचारा.

जन्मदिवसाभोवती आधीचे-नंतरचे दिवस मांडून 'माया क्रूस' काढण्याची पद्धतही आज खूप चालते. गर्भधारणेचा दिवस, भवितव्याचा दिवस अशी नावं त्यात येतात, आणि अंक मोजण्याच्या रीती एकमेकींशी जुळत नाहीत. पहिलं २६० दिवसांचं चक्र संपेपर्यंत तिकडे वळू नका.

कधी ग्वाटेमालाला जाणं झालं आणि अहकीहला भेटायची संधी मिळाली, तर जन्मतारीख, वेळ आणि गाव कागदावर लिहून न्या. शेजारचा दिवस असेल तर तोही सांगा. फोटो किंवा ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय करू नका, दक्षिणा किती ते आधी विचारून घ्या. स्वतः काढलेला दिवस लगेच सांगू नका. त्यांना मोजू द्या. त्यांचं उत्तर वेगळं आलं तर त्यांनी कसं मोजलं ते समजून घ्या आणि दोन्ही उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवा.